कारणाचा रकाना

व्याख्यानमालेच्या चालकांनी आम्हांस विषय विचारला, तेव्हा त्यांची अपेक्षा अशी होती की, तीस वर्षे कामगारांत वावरलेला मनुष्य गिरणी, फौंड्री, संप आणि करार यांविषयी काही सांगेल. आम्ही कळविले, "गांजाचा इतिहास." चालक क्षणभर गप्प राहिले. मग त्यांतील एका वडीलधाऱ्या गृहस्थांनी विचारले, "नुसते बोलणार आहात की वाटणारही आहात?" त्या हशात विषय मंजूर झाला. तरीही अध्यक्षमहाराजांची आणि श्रोत्यांची क्षमा मागून प्रथम हा विषय आमच्याकडे कसा आला ते सांगतो.

२०१७ सालच्या उन्हाळ्यात एका फौंड्रीतील चोवीस वर्षांचा मोल्डर दुसऱ्या पाळीच्या जेवणाच्या सुट्टीनंतर कामावर परतला आणि साच्यांच्या रांगेतच कोसळला. हातपाय वाकडे झाले, तोंडाला फेस आला, छाती इतकी धडधडू लागली की सोबत्यांना ती सदऱ्यावरून दिसत होती. त्याला रुग्णालयात नेले. मित्राने परगावाहून आणलेल्या पुडीतला हिरवट पाला त्याने विडीत भरून ओढला होता, एवढे एका सोबत्याने आमच्या कानात सांगितले. डॉक्टरांना सांगण्यास तो धजला नाही. लघवीची तपासणी झाली. गांजा आढळला नाही. कागदावर 'कारण' असा एक रकाना होता, त्यात 'अज्ञात' असे लिहिले गेले.

पोरगा वाचला. पण कारखान्याने त्या 'अज्ञात'चा अर्थ आपल्या सोयीने लावला. याला फेफरे पूर्वीपासूनच होते, ते याने लपविले, सबब कामावरून कमी. आम्ही भांडलो आणि अर्धे जिंकलो. थोडी भरपाई मिळाली, काम मिळाले नाही. पुडी कोणी जपून ठेवली नव्हती. त्यामुळे तिच्यात काय होते हे आजही आम्हांस छातीवर हात ठेवून सांगता येत नाही. मात्र गांजा ओढल्यावर असे होत नाही आणि गांजासारखे दिसणारे जे काही होते ते तपासणीत सापडले नाही, हे कोडे डोक्यातून जाईना. मग आम्ही करवीर नगर वाचन मंदिरात आणि जिथे जे मिळेल तिथे वाचावयास बसलो. आमची शाळा नववीत सुटली. रसायनशास्त्र आम्ही शब्दकोश मांडीवर घेऊन वाचले. त्या वाचनाचा हा गोषवारा आहे. त्यात जाणत्यांना काही उणे दिसले तर त्यांनी ते जरूर दाखवावे.

झाड एक, वस्तू तीन

आपल्याकडे 'तुळशीत भांग' अशी म्हण आहे. ज्याने ती म्हण केली त्याला हे झाड परसात कुठेही उगवते हे ठाऊक होते. अथर्ववेदात ज्या वनस्पतींची नावे आदराने घेतली आहेत त्यांत भंग आहे. आपल्या भाषेने या एका झाडाच्या तीन वस्तूंना तीन निरनिराळी नावे दिली आणि त्यांचे बळही ओळखले. पानांची ती भांग, सर्वांत सौम्य. मादी झाडाच्या फुलोऱ्याचा तो गांजा, तिच्याहून कडक. त्या फुलोऱ्यावर जमणाऱ्या चिकट राळेचा तो चरस, सर्वांत जहाल. गांजा पिकविणारे शेतकरी शेतातली नर झाडे वेळीच हुडकून उपटून टाकीत, कारण मादीला बीज धरले की फुलोऱ्यातील जोर जातो. हे ज्ञान कोणत्याही प्रयोगशाळेतून आलेले नव्हते.

कोल्हापूरच्या तालमीत थंडाई घोटली जाते, ती बदाम, खसखस, बडीशेप आणि मिऱ्यांची. कोणी कधी तिच्यात भांगेचे पान टाकले तर वस्तादाला पहिल्या घोटालाच कळे आणि तो पेला बाजूला सरकवी. आमच्या लहानपणी असे प्रसंग आम्ही पाहिले आहेत. भांग चांगली की वाईट हा वेगळा प्रश्न आहे. ती ओळखता येत होती, तिची मात्रा किती आणि गेली तर कुठवर जाईल याचा अदमास लोकांना होता, एवढेच येथे सांगावयाचे आहे. शाहूपुरीत गुळाचा सौदा होतो तेव्हा व्यापारी रवा फोडतो, रंग पाहतो, चाखतो, मग दर बोलतो. जुन्या नशेचेही असेच होते. माणसे फसत, पण डोळे बांधून फसत नसत.

पाश्चात्त्य वैद्यकाशी ओळख

या झाडाची पाश्चात्त्य वैद्यकाशी नीट ओळख करून दिली ती कलकत्त्याच्या मेडिकल कॉलेजातील विल्यम ओशॉनेसी या आयरिश डॉक्टराने. १८३९ साली त्याने आपला निबंध प्रसिद्ध केला. त्याची रीत आम्हांस फार आवडली. त्याने आधी इथल्या जाणत्यांना विचारले; मधुसूदन गुप्त यांच्यासारख्या पंडितांकडून जुन्या ग्रंथांतील माहिती घेतली. मग कुत्र्यांवर आणि इतर प्राण्यांवर प्रयोग केले आणि त्यानंतर धनुर्वात, पटकी, संधिवात यांच्या रोग्यांना अर्क दिला. त्यांत चाळीस दिवसांची एक मुलगी होती. तिला एकामागून एक आचके येत होते. या औषधाने ते थांबले, अशी नोंद त्याने केली आहे. ही नोंद लक्षात ठेवावी. ज्या झाडाच्या अर्काने १८३९ मध्ये आचके थांबले, त्या झाडाची नक्कल म्हणून विकल्या जाणाऱ्या भुकटीने आज माणसांना आचके येतात.

पुढच्या पन्नास वर्षांत विलायतेत एक समजूत पसरली की, हिंदुस्थानातील वेड्यांची इस्पितळे गांजाने भरली आहेत. २ मार्च १८९३ रोजी पार्लमेंटमध्ये केन नावाच्या मद्यपानविरोधी सभासदाने याविषयी प्रश्न विचारला आणि त्याच वर्षी जुलैमध्ये सरकारने चौकशीसाठी कमिशन नेमले. मॅकवर्थ यंग हे त्याचे अध्यक्ष. सात सभासदांत तीन हिंदी होते: राजा शशिशेखरेश्वर रॉय, कुंवर हरनामसिंग आणि लाला निहालचंद. बंगालमधील नौगाव, मध्य प्रांतातील खांडवा, मुंबई इलाख्यातील अहमदनगर जिल्हा (आताचा अहिल्यानगर) अशा गांजा पिकणाऱ्या मुलखांची माहिती या कमिशनने गोळा केली आणि एकंदर १,१९३ साक्षीदारांचे म्हणणे नोंदविले. त्यांत अंमलदार आणि डॉक्टर होते, तसे शेतकरी, व्यापारी आणि बैरागीही होते.

१८९२ सालचे २२२ वेडे

या कमिशनने केलेल्या एका कामासाठी आम्ही त्याला दंडवत घालतो. १८९२ साली देशभरच्या वेड्यांच्या इस्पितळांत १,३४४ माणसे दाखल झाली होती. त्यांपैकी २२२ जणांच्या नावापुढे कारण म्हणून गांजा, भांग किंवा चरस असे लिहिलेले होते. आधीच्या सर्व अहवालांनी हेच आकडे प्रमाण मानले होते. कमिशनने विचारले, हे कारण लिहिले कोणी?

उत्तर फार बोलके निघाले. रस्त्यात सापडलेल्या वेड्याला इस्पितळात पोचविणारा पोलीस एक छापील कागद भरीत असे. त्यावर 'कारण' हा रकाना होता. रकाना कोरा ठेवला तर वरचा साहेब रागावणार. वेड्याला स्वतःला काही सांगता येत नाही, नातेवाईक जवळ नाहीत. मग 'गांजा ओढतो काय?' याचे उत्तर कोणी 'होय' असे दिले, किंवा दिलेही नाही, तरी 'गांजा' लिहून टाकावयाचे. मॅजिस्ट्रेटने तेच उतरून घ्यावयाचे, इस्पितळाच्या डॉक्टराने तेच वहीत चढवावयाचे, आणि वर्षअखेरीस त्याच वहीतून शास्त्रीय कोष्टक तयार व्हावयाचे.

कमिशनने त्या २२२ जणांची एकेक करून पुन्हा चौकशी केली. माणूस ज्या गावचा, त्या गावी विचारपूस केली. नातेवाइकांना विचारले. तेव्हा गांजाशी काही संबंध जोडता येईल अशी प्रकरणे उरली ९८, आणि त्यांतही निव्वळ या नशेचेच कारण दिसले ते ६१ जणांत. बाकीच्यांचे कारण वेगळे होते, किंवा कळण्यासारखे नव्हते.

१८९४ च्या अहवालाचा निष्कर्ष असा की, बेताच्या सेवनाने सहसा इजा होत नाही, अतिरेकाने शरीराला आणि मनालाही होते. म्हणून सरसकट बंदी न घालता कर, परवाने आणि नियंत्रण ठेवावे. रॉय आणि निहालचंद या दोघा हिंदी सभासदांनी भिन्नमतपत्रिका जोडल्या, हेही सांगितले पाहिजे. गांजावरील करापासून सरकारला उत्पन्न होते, हेही विसरता येत नाही. पण वहीतला रकाना खरा मानण्याआधी त्या माणसाच्या गावी जाऊन विचारावे, ही रीत त्या परक्या सरकारच्या कमिशनने पाळली.

ज्या १८९४ साली हा अहवाल झाला, त्याच साली २ एप्रिल रोजी शाहू महाराजांनी राज्यकारभार हाती घेतला, आणि पुढच्याच वर्षी ही शाहूपुरीची पेठ वसली. आपण बसलो आहोत त्या पेठेच्या वयाचाच हा अहवाल आहे. पेठ आपल्याला पाठ आहे, अहवाल मात्र आपण विसरलो.

राळेतून रेणूकडे

आता गोष्ट रसायनशाळेत जाते. अफूतून मॉर्फिन काढले गेले ते एकोणिसाव्या शतकाच्या आरंभीच. गांजाची राळ मात्र रसायनशास्त्रज्ञांना पुष्कळ दिवस दाद देईना, कारण ती तेलकट, चिकट आणि अनेक पदार्थांची खिचडी. १८९६ मध्ये केंब्रिजच्या वुड, स्पिव्ही आणि ईस्टरफील्ड यांनी हिंदुस्थानातील चरसावर काम करून तिच्यातून एक पदार्थ वेगळा केला. १९४० च्या सुमारास अमेरिकेत रॉजर अ‍ॅडम्स आणि इंग्लंडात अलेक्झांडर टॉड यांनी काही घटकांची रचना उलगडली. पण नशा आणणारा मुख्य घटक शुद्ध स्वरूपात हाती आला तो १९६४ साली. इस्रायलमधील रेहोवोत येथील वाइझमन संस्थेत रफाएल मेशुलम या तरुण संशोधकाने पोलिसांनी पकडलेला पाच किलो लेबनी हशीश मागून घेतला आणि तो पिशवीत घालून चक्क सार्वजनिक बसने आणला. त्यातून त्यांनी आणि येहियल गाओनी यांनी जो घटक वेगळा केला त्याचे लांबलचक नाव सोडून आपण त्याला सगळे जग म्हणते तसे 'टीएचसी' म्हणू.

घटक सापडला, पण तो शरीरात नेमके काय करतो हे कळावयास आणखी चोवीस वर्षे लागली. औषधकंपन्यांनी या काळात टीएचसीसारखे कृत्रिम रेणू बनविण्यास सुरुवात केली होती. वेदना शमवावी, वांत्या थांबवाव्या, हा हेतू. त्यांतील नॅबिलोन नावाचे औषध कर्करोगाच्या उपचारातील वांत्यांवर आजही काही देशांत वापरतात. फायझर कंपनीने केलेल्या एका जहाल रेणूला किरणोत्सर्गी खूण बांधून १९८८ मध्ये अमेरिकेतील सेंट लुई येथे अ‍ॅलिन हाउलेट आणि विल्यम डिव्हेन यांनी तो मेंदूच्या ऊतीत सोडला, आणि तो कुठे जाऊन चिकटतो ते पाहिले. मज्जापेशींवर त्यासाठी जणू घडविलेली कुलपे सापडली. शास्त्रज्ञ त्यांना ग्राही म्हणतात. पहिल्याला सीबी-१ हे नाव मिळाले. १९९३ मध्ये रक्तातील संरक्षक पेशींवर सीबी-२ सापडले.

कुलूप आहे म्हणजे शरीराची स्वतःची किल्लीही असली पाहिजे. झाडाने माणसासाठी कुलूप घडविले असे तर होणार नाही. ती किल्ली १९९२ मध्ये जेरुसलेम येथे, डुकराच्या मेंदूतून, डिव्हेन, हानुश आणि मेशुलम यांच्या हाती आली. स्निग्धाम्लापासून झालेला हा साधा रेणू. त्याला नाव देताना डिव्हेन यांनी संस्कृतातला 'आनंद' हा शब्द उचलला. जगाच्या रसायनकोशात आज तो रेणू 'आनंदामाइड' म्हणून नोंदलेला आहे. १९९५ मध्ये त्याचा थोरला भाऊ शोभेल असा 'टू-एजी' हा दुसरा रेणू सापडला. तो मेंदूत आनंदामाइडहून कितीतरी अधिक प्रमाणात असतो.

हात वर करणारा मनुष्य

शरीरातली ही भांग करते तरी काय? आम्ही फौंड्रीतल्या भाषेत सांगतो. भट्टीवरचा मनुष्य वितळलेला रस पुढे पाठवितो. साच्याजवळचा मनुष्य तो घेतो. साचे भरत आले की साच्याजवळचा हात वर करतो आणि भट्टीवाला ओतणे थांबवितो. मेंदूतही एक पेशी रसायन सोडते, दुसरी ते घेते, आणि मध्ये बारीकशी फट असते. साधारणपणे निरोप एकाच दिशेने जातो. पण घेणाऱ्या पेशीवर भार फार झाला की ती आपल्याच आवरणातील स्निग्ध पदार्थापासून तिथल्या तिथे टू-एजी बनविते आणि तो उलट दिशेने धाडते. पाठविणाऱ्या पेशीच्या टोकावर सीबी-१ चे कुलूप असते. ते उघडले की त्या टोकात शिरणारा कॅल्शियमचा ओघ आखडतो आणि रसायनाचा पुरवठा घटतो. हा उलटा निरोप २००१ मध्ये जपान आणि अमेरिकेतील तीन गटांनी दाखवून दिला. आमच्यासारख्याला तो वाचून मोठे समाधान वाटले. खालून वर जाणारा 'आता पुरे' हा निरोप निसर्गाने मेंदूतसुद्धा ठेवलेला आहे.

मात्र हात वर केला तो काही क्षणच. काम झाले की विकरे त्या रेणूचे तुकडे करतात आणि हात खाली येतो. जिथे भार तिथेच निरोप, आणि तोही तेवढ्यापुरता; हीच या योजनेची शिस्त. स्मरण, तोल, भूक, वेदना, भीती या साऱ्यांच्या केंद्रांत ही कुलपे दाट आहेत. श्वासाचे नियंत्रण करणाऱ्या भागात ती तुरळक आहेत, आणि म्हणूनच अफूच्या अतिरेकाने श्वास थांबतो तसा तो गांजाने सहसा थांबत नाही.

टीएचसी या कुलपात बसते, पण अर्धवट बसते. मेंदूतील सारी कुलपे तिने व्यापली तरी प्रत्येक कुलूप पुरते फिरत नाही. भट्टीवाल्याला हात अर्धाच वर झालेला दिसतो. ओतणे मंदावते, पण चालू राहते. गांजा ओढणाऱ्याचे भान, स्मरण आणि काळाचा अंदाज सुटतो, कोवळ्या वयात आणि नित्य सेवनाने मनावर खोल परिणामही होऊ शकतात; कोणी तो निरुपद्रवी समजू नये. पण अर्धी किल्ली ही एक मर्यादा असते.

कृत्रिम गांजातील बहुतेक रेणू ही मर्यादा पाळीत नाहीत. ते पुऱ्या किल्ल्या आहेत. त्यांतील सर्वांत प्रसिद्ध जेडब्ल्यूएच-०१८ हा रेणू सीबी-१ ला टीएचसीच्या चार-पाचपट घट्ट धरतो आणि कुलूप पुरते फिरवितो. यकृताने त्याचे रूपांतर केले तरी निघणारे काही पदार्थही तेच काम चालू ठेवतात. कोणी दोरी घेऊन साऱ्या फौंड्रीतील प्रत्येक माणसाचा हात एकदम वर बांधून टाकावा, तसे हे आहे. ही कुलपे पेशींना चेतविणाऱ्या टोकांवर आहेत आणि त्यांना आवरणाऱ्या टोकांवरही. कुठे चेतना बंद पडते, कुठे आवर घालणाराच बंद पडतो. म्हणून एक माणूस ओंडक्यासारखा पडून राहतो आणि दुसऱ्याला आचके येतात. हृदयाची धडधड, छातीत कळ, भ्रम, काही प्रकरणांत मूत्रपिंड निकामी होणे, मृत्यूसुद्धा, हे सारे डॉक्टरांनी नोंदलेले आहे.

कोणी म्हणेल, मग कुलूपच बंद करून टाकावे. तोही प्रयोग झाला. सीबी-१ अडविणारे रिमोनाबँट नावाचे औषध २००६ मध्ये युरोपात वजन घटविण्यासाठी मान्य झाले. भूक घटली, वजनही घटले. पण रोग्यांना खिन्नता आणि आत्महत्येचे विचार येऊ लागले. २००८ मध्ये ते तिथे बाजारातून काढले गेले, २००९ मध्ये भारतानेही त्यावर बंदी घातली. शरीराचा 'पुरे' हा निरोप सतत चालू ठेवणे जितके घातक, तितकेच तो तोडून टाकणेही.

प्रयोगशाळेतून बाजारात

जेडब्ल्यूएच ही अक्षरे जॉन डब्ल्यू. हफमन यांच्या नावाची. अमेरिकेतील क्लेमसन विद्यापीठातील हे प्राध्यापक. ग्राहीचा आकार कळावा म्हणून त्यांनी आणि त्यांच्या विद्यार्थ्यांनी चारशेहून अधिक रेणू घडविले, आणि शास्त्राच्या रीतीप्रमाणे त्यांची कृती मासिकांत प्रसिद्ध केली. माणसाने हे ओढावे असे त्यांच्या स्वप्नातही नव्हते. ओढणाऱ्यांच्या मूर्खपणावर पुढे त्यांनी कठोर शब्दांत टीका केली. पण छापलेली कृती कोणीही वाचू शकतो. २००८ च्या अखेरीस जर्मनीत 'स्पाइस' नावाने विकल्या जाणाऱ्या सुगंधी पाल्याच्या पुड्या तपासल्या तेव्हा पाल्यावर फवारलेला जेडब्ल्यूएच-०१८ सापडला. पुडीवर छापलेले असे, 'मानवी सेवनासाठी नाही.'

ही पुडी तयार कशी होते, ते कामगारांनी ऐकावे. कारखान्यातली भुकटी अ‍ॅसिटोनसारख्या द्रावणात विरघळवितात, कुठल्याही वाळल्या पाल्यावर फवारतात आणि वाळवितात. कालवाकालव कधी हाताने, कधी सिमेंटच्या मिक्सरमध्ये. फवारा सगळीकडे सारखा बसत नाही. एकाच पुडीच्या एका चिमटीत काहीच नसते, दुसऱ्या चिमटीत पाचपट असते. रवा फोडून पाहण्याची सोय इथे नाही. पाल्याचा वास, रंग, चव काहीच सांगत नाही. २०१८ मध्ये अमेरिकेतील इलिनॉय राज्यात अशा पुड्यांत उंदीर मारण्याचे विष मिसळलेले निघाले. दीडशेहून अधिक माणसांना रक्तस्राव सुरू झाला, काही मेली.

सरकारे एकेका रेणूवर बंदी घालू लागली. बंदी आली की बनविणारा रेणूच्या शेपटीला एखादा अणू जोडतो, नाव बदलते, कायदा मागे राहतो. जुलै २०१६ मध्ये न्यूयॉर्कच्या ब्रुकलिन भागात एका सकाळी ३३ माणसे रस्त्यात खुळ्यासारखी, डोळे तारवटून उभी किंवा पडलेली आढळली. त्यांच्या रक्तात जो पदार्थ होता त्याच्या जवळच्या नात्यातला रेणू एका औषधकंपनीच्या २००९ च्या पेटंटात नोंदलेला होता. २०१५ मध्ये जेडब्ल्यूएच-०१८ आंतरराष्ट्रीय कराराच्या यादीत आला. १ जुलै २०२१ पासून चीनने अशा रेणूंच्या साऱ्या वर्गावरच बंदी घातली. त्यानंतर त्या वर्गाबाहेरचे नवे सांगाडे बाजारात आले.

तपासणीला न दिसणारे विष

आता आमच्या पोरग्याच्या कागदाकडे येतो. लघवीची नेहमीची तपासणी टीएचसीपासून यकृतात होणारा एक ठरावीक पदार्थ शोधते. कृत्रिम रेणूंची घडण निराळी. त्यांच्यापासून तो पदार्थ होतच नाही. कागदावर 'गांजा नाही' असे येते आणि ते अक्षरशः खरे असते. हे रेणू शोधावयास वेगळी, महागडी यंत्रे लागतात, आणि काय शोधावयाचे ते आधी ठाऊक असावे लागते.

याचा परिणाम विपरीत झाला. जिथे जिथे माणसांची वारंवार तपासणी होते, तिथे तिथे हे विष आधी पोचले. अमेरिकेच्या सैन्यात ते शिरले. ब्रिटनच्या तुरुंगांत तर पत्राचा कागद या द्रावणात भिजवून आत पाठविला जातो. झाडाचा गांजा ओढला तर पकडले जाऊ, म्हणून माणूस त्याहून कितीतरी जहाल वस्तू ओढतो, कारण ती दिसत नाही. तपासणीच्या धाकाने माणूस नशेपासून दूर जाईल असे मालकांना वाटते. तपासणी ज्या वस्तूला आंधळी आहे, तिच्याकडे तो ढकलला जातो असा जगाचा अनुभव आहे. आमच्या औद्योगिक वसाहतींत ठेकेदार आता कामावर घेताना लघवीचा नमुना मागू लागले आहेत. त्यांनी हा अनुभव आधी वाचावा.

कोणी म्हणेल, हे परदेशचे. पण कारखान्यातील नशा आपल्या उंबऱ्यावर आलेली आहे. २०२१ मध्ये मुंबई पोलिसांनी आपल्याच जिल्ह्यातील चंदगड तालुक्यात, ढोलगरवाडीला, एमडी म्हणजे मेफेड्रोन बनविण्याचा अड्डा उघडकीस आणला. २०२४ मध्ये सांगली जिल्ह्यातील इरळीला तसाच दुसरा. एमडी हा कृत्रिम गांजा नव्हे. ते उत्तेजक आहे आणि त्याची कुलपे निराळी आहेत. पण धंद्याची रीत एकच: कृती बाहेरून, कच्चा माल रसायनाच्या बाजारातून, जागा आडरानातली. अशा भांड्यांजवळ कोणा गरिबाचा पोरगा रोजंदारीवर उभा केला जातो, तेव्हा आपण काय ढवळतो आहोत हे त्याला कोणी सांगत असेल असे आम्हांस वाटत नाही.

आपल्या देशात १४ नोव्हेंबर १९८५ पासून अमली पदार्थांचा केंद्रीय कायदा लागू आहे. त्या कायद्याच्या व्याख्येत फुलोरा तो गांजा. नुसते पान त्यातून वगळलेले, ते राज्यांच्या कायद्याकडे. म्हणजे भांग, गांजा, चरस हा आजोबांच्या भाषेतला भेद कायद्यानेही जपला आहे. त्याच कायद्यात ६४-अ हे कलम आहे. व्यसनी मनुष्याने थोड्या प्रमाणाच्या गुन्ह्यात स्वतः होऊन उपचार पत्करले तर त्याला खटल्यापासून संरक्षण मिळू शकते. हे कलम आमच्या वस्त्यांत फारसे कोणाला ठाऊक नाही, म्हणून येथे मुद्दाम सांगितले.

समारोप

१८९२ साली पोलिसाने माणसाला न विचारता रकान्यात 'गांजा' लिहिले. २०१७ साली आमच्या पोरग्याच्या रकान्यात, त्याच्या सोबत्याला न विचारता, 'अज्ञात' लिहिले गेले. पहिल्यात नसलेले कारण भरले, दुसऱ्यात असलेले हुकले. सव्वाशे वर्षांत यंत्रे आली, चाचण्या आल्या; ज्याचे त्याला विचारण्याची रीत मात्र जिथल्या तिथे राहिली. यात आमचाही दोष आहे. तो सोबती आमच्या कानात बोलला तेव्हा आम्ही त्याचा हात धरून त्याला डॉक्टरांकडे न्यावयास हवे होते. आम्ही नेले नाही. नोकरी जाईल, पोलीस येतील, बदनामी होईल, असा विचार आम्हीही केला. त्या संकोचाची किंमत पोरग्याने दिली.

म्हणून श्रोत्यांस हात जोडून सांगणे एवढेच. घरात, वस्तीत, कारखान्यात कोणी अशी पुडी ओढून पडला तर त्याला कुशीवर वळवावे, ताबडतोब रुग्णालयात न्यावे, पुडी सोबत न्यावी आणि काय घेतले ते डॉक्टरांना खरे सांगावे. या विषाला उतारा नाही. पण आचके थांबविणारी औषधे आहेत, सलाईन आहे, हृदयावर लक्ष ठेवता येते, आणि वेळेवर पोचलेली बहुतेक माणसे वाचतात. कारखानदारांस सांगणे असे की, कागद कोरा आहे म्हणून तो आपल्या सोयीने भरू नये. आणि डॉक्टरांस विनंती अशी की, तपासणी 'नाही' म्हणाली तरी रोग्याच्या सोबत्याला बाजूला घेऊन, दार लोटून, एकदा विचारावे.

तो मोल्डर आज पेठेतच एका गुळाच्या अडतीवर हमाली करतो. परवा आम्ही त्याला म्हणालो, "तुझी गोष्ट सांगणार आहे, नाव घेणार नाही." तो म्हणाला, "सांगा की साहेब. त्या वेळी कुणी इचारलंच न्हाई, न्हाईतर मीच सांगितलं असतं."